अंगणात पेव फुटलं

गावाकडच्या घरामागं शौचालयाची नवी टाकी घ्यायची होती, म्हणून काकांनी जेसीबी बोलावला. तीनचार बकेट माती निघाली असेल. पुढच्या खेपेला बकेटचे दात जमिनीत गेले ते जातच राहिले. खालून फरशी तडकल्यासारखा आवाज आला आणि ड्रायव्हरनं, विशीतलं पोरगं ते, घाबरून मशीन मागं घेतलं. पाच मिनिटांत निम्मी आळी जमा झाली. हंडा निघाला म्हणून.

"हंडा कसला, पेव हाय ते," काका म्हणाले. "आण्णा सांगायचे, परसात दोन हायती म्हणून. एक गावलं." पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खोदलेलं कोठार.

कुणीतरी आत डोकावायला निघाला, त्याला काकांनी दंडाला धरून मागं ओढलं. पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती लावून डबा सुतळीनं खाली सोडला. दोनेक हात खाली जाताच ज्योत गपकन विझली. मग सगळे तासभर चहा पीत बसलो. जेसीबीचं मीटर तासावर असतं, पण त्या दिवशी ड्रायव्हरही इंजिन बंद करून आमच्यात बसला. तासानं डबा पुन्हा सोडला, तेव्हा ज्योत तळापर्यंत टिकली. तरी काकांनी कुणाला उतरू दिलं नाही. मोबाइलच्या उजेडात मी वरूनच पाहिलं. तोंड एक माणूस जेमतेम मावेल एवढं, आणि खाली पोट सुटत गेलेलं, जमिनीत रांजण पुरावा तसं. भिंती आतून भाजून काळ्या केलेल्या. तळाशी वीतभर तपकिरी भुगा. कधीकाळचा कडबा आणि भुसकट असणार. वास आंबूस, थोडासा जुन्या गोणपाटासारखा.

"क्लासेसचं पेव फुटलंय", "बोगस डॉक्टरांचं पेव फुटलंय". ही वाक्यं मी आयुष्यभर वाचत आलोय, दोनचारदा लिहिलीही असतील. पेव खरोखर फुटलेलं पाहिलं ते वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही संडासाच्या टाकीच्या निमित्तानं.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या बाजूचं. काळी इतकी खोल की पावसाळ्यात पाय घातला तर चप्पल आत राहते. इथं पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, ओल पोटात मुरू द्यायची आणि भाद्रपद-आश्विनात जोंधळा पेरायचा. पुढं त्याला पाणी देणं नाही. जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर तो माणसाच्या डोक्याच्या वर जातो. काळीत पेव खोदता येत नाही, ती भेगाळते आणि पाणी धरते. पेव घ्यायचं ते पांढरीत. पांढरी म्हणजे गाव बसलंय ती जमीन. शेकडो वर्षं मातीची घरं बांधायची, ती पडायची, त्यांच्यावरच पुन्हा बांधायची, असं करत तयार झालेली माती. जुन्या कागदांत "काळी" म्हटलं की शेतं आणि "पांढरी" म्हटलं की गाव. जिनं पिकवायचं ती काळी, जिच्या पोटात राखायचं ती पांढरी. या दोन रंगांत मध्ययुगातलं अख्खं मराठी खेडं बसतं.

मध्ययुग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले येतात, तलवारी येतात, घोड्यांच्या टापा येतात. दिवाळीत पोरं किल्ले करतात, त्यावर मावळे ठेवतात. किल्ल्याच्या पायथ्याशी मोहरी नाहीतर हळीव पेरून हिरवं शेत करतात, पण त्या शेतात राबणारा कुणबी मात्र कोपऱ्यात एखादाच, मातीचा, नांगर मोडलेला. आमच्याकडेही तसाच असायचा. वर्षाच्या तीनशेपासष्ट दिवसांत लढाई ती किती दिवस, आणि निंदणी-खुरपणी किती दिवस?

पेव किती खोल ते पाहायला काकांनी ओली झालेली सुतळी हातावर मोजली. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. "सहा हात आन दोन मुठी," म्हणाले. टेप घरात होता, त्याची त्यांना आठवणही झाली नाही. शिवकाळातली जमिनीची मोजणी याच मापानं चाले. पाच हात पाच मुठींची एक काठी. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा. 120 बिघ्यांचा एक चावर. आता हात कुणाचा धरायचा, हा प्रश्न आलाच. पाटलाचा हात लांब आणि रयतेचा आखूड, असं तर कुठल्याही काळात असतंच. म्हणून हात 14 तसूंचा (तसू हे हाताहून बारीक माप) आणि हात-मुठी मिळून काठी 82 तसूंची असं ठरवून टाकलेलं होतं. ज्यानं कुणी हे ठरवलं, त्यानं शेताच्या बांधावर उभं राहून भांडणं ऐकलेली असणार.

मोजणी झाली, पेरणी झाली, पीक आलं, की सगळं येऊन थांबायचं खळ्यावर. आमच्या आजीच्या बोलण्यात खळं यायचं तेव्हा तिचा आवाज खाली यायचा, देवळात शिरल्यासारखा. खळं सारवायचं, मधोमध तिवडा रोवायचा, त्याला बैल जुंपून कणसांवरून गोल गोल फिरवायचे. मग वाऱ्याची वाट पाहायची. वारा आला की वावडीवर चढून पाटीनं धान्य वरून सोडायचं, भुसा वाऱ्यावर जायचा आणि खाली दाण्यांची रास पडायची. रास मापताना कुणी बोलायचं नाही. मापणाऱ्यानं पहिल्या मापाला "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. चार शेरांची पायली, पायल्यांचे मण, वीस मणांची खंडी.

एवढा लाभ म्हणून मोजलेलं धान्य घरी किती यायचं, हा हिशेब मी एकदा कागदावर मांडून पाहिला होता. शिवकाळाबद्दल जे लिहून ठेवलंय त्यात वाटा असा, की पिकाचे पाच भाग करायचे, तीन रयतेनं ठेवायचे, दोन दिवाणाला, म्हणजे सरकारला, द्यायचे. त्याआधीच्या आणि नंतरच्या अनेक राजवटींच्या मानानं ही वाटणी बरी. पण राहिलेल्या तीन भागांवरही हात पसरलेले असायचेच. पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क. मग बलुतेदार. त्यांच्याही ओळी लावलेल्या: थोरली कास, मधली कास, धाकटी कास. म्हणजे शेतकरी ही गाय, आणि ज्याचं काम शेताला जितकं निकडीचं तितकी त्याला जवळची कास. सुतार-लोहार थोरल्या ओळीत, कारण नांगराचा फाळ बोथट झाला तर हंगाम जातो. न्हावी-परीट मधल्या. त्यानंतर पुढच्या वर्षीचं बियाणं बाजूला काढायचं, आणि सावकाराकडून आणलेलं असेल तर ते वाढीदिढीनं, म्हणजे व्याजासकट, परत करायचं. हे सगळं झालं की उरेल ते पेवात.

ही रचना गोडच होती असं सांगणारे पुष्कळ भेटतात. गाव कसं स्वयंपूर्ण होतं, पैशावाचून सगळ्यांचं भागायचं, वगैरे. मीही कॉलेजात असताना असं काहीतरी बोललो होतो, आणि आजी ज्वारी पाखडता पाखडता थांबली होती. तिच्या सासरी खळ्यावर महारवाड्यातल्या बायकांना जोंधळा कसा घातला जायचा ते तिनं सांगितलं. पाटीला पाटी लागू द्यायची नाही. वरून ओतायचा. त्यांनी पदर पसरून खाली उभं राहायचं. बाहेर सांडला तर त्यांनीच वेचून घ्यायचा. "रीत व्हती तशी," ती म्हणाली. मग बराच वेळ सूप नुसतंच हातात धरून बसली. थोरल्या कासेत महारही होते, कारण वेस राखणं, सारा कचेरीत पोचवणं, सांगावा नेणं, शिवेच्या तंट्यात साक्ष देणं ही सगळी कामं त्यांची. कास थोरली, पण धान्य घ्यायचं पदर पसरून. वतनाची ही बेडी कायद्यानं तुटायला 1958 साल उजाडावं लागलं.

मंगळवेढ्यात चोखोबा गेले ते 1338 साली. कशानं गेले? गावकुसाचं काम चाललेलं होतं, त्यावर वेठीनं माणसं लावलेली होती, त्यांत तेही होते. भिंत कोसळली आणि खाली सगळे गाडले गेले. नामदेवांनी पुढं अस्थी शोधल्या, ज्या हाडातून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, ही कथा सगळ्यांना माहीत असते. कीर्तनात त्या प्रसंगाला लोक डोळे पुसतात. मला मात्र कथेच्या अलीकडचा तो साधा तपशील सोडत नाही: ज्या गावकुसाच्या आत राहण्याची मुभा नाही, तेच कूस फुकट बांधून द्यायचं. वेठ म्हणजे हे. "संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरलं" असं आपण बातमीत सहज लिहून मोकळे होतो. एसटी चुकणं आणि भिंतीखाली जाणं एकाच शब्दात बसवलंय आपण.

त्याच मंगळवेढ्यात बहामनी अमलात दामाजीपंत होऊन गेले. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं लोकांना उघडून दिली. 1396 मध्ये सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षं हटला नाही असं परंपरा सांगते, आणि त्यानंतरही मोठ्या दुष्काळांची रांग लागलेलीच आहे. 1630 च्या दुष्काळात देहूला तुकोबांच्या घरातली माणसं गेली. दामाजींच्या कथेत पुढं विठोबा विठू महाराचं रूप घेतो आणि धान्याची किंमत बिदरच्या दरबारात नेऊन भरतो. लहानपणी मला वाटायचं, देवानं हेच रूप का घेतलं? ब्राह्मण होऊन गेला असता, सावकार होऊन गेला असता. पुढं जुनी खेडी कशी चालत ते वाचलं आणि उत्तर इतकं साधं निघालं की हसू आलं. सरकारी भरणा घेऊन पायी जायचं काम महाराचं. देवाला तिजोरीत पैसे भरायचे होते, तर तो त्याच वाटेनं आणि त्याच माणसाच्या रूपात जाणार. चमत्काराच्या कथेतही कामाची वाटणी चुकलेली नाही.

आजीचं माहेर मात्र बागायती. तिकडं मळा, मळ्यात विहीर आणि विहिरीवर मोट. चामड्याची मोट, तिची सोंड, जाड नाडा, सोंडेचा सोंदूर, म्हणजे बारीक दोर. बैल धावेवरून उतरत गेले की मोट वर येते आणि सोंडेतून पाणी भसकन थारोळ्यात पडतं. मोटकरी उतरताना नाड्यावरच बसायचा, त्याचं वजन बैलांना मदतीला. आणि मग बैल न वळवता, तसेच उलट्या पावलांनी, मागं मागं चढत विहिरीपर्यंत यायचे. दिवसभर हेच. आजी सांगायची, मोट थांबली की रात्री झोप लागायची नाही, कणा कुरकुरल्याचा आवाज नाही म्हणून. ती लग्न होऊन आली त्याच्या पुढच्याच वर्षी तिच्या भावानं ऑइल इंजिन घेतलं. मोट छपराला टांगली गेली, आणि उंदरांनी ती खाऊन संपवली.

सोलापूर जिल्ह्यातच, माढ्याजवळ अरणला, सावता माळ्याचा मळा होता. त्यांच्या अभंगात मोट, नाडा, विहीर, दोरी अशी अवजारांची यादीच आहे, आणि या सगळ्याला पंढरी व्यापून राहिलेली आहे. सावतोबांनंतर साडेसहाशे वर्षांनी माझी आजी तोच नाडा, तीच दोरी, तीच नावं वापरत होती. मध्ययुग नेमकं कधी संपलं यावर इतिहासकारांचे वाद आहेत. आजीच्या माहेरी ते इंजिन आलं त्या दिवशी संपलं.

त्याच अभंगात पुढं-मागं भाजीपाला येतो: कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर. आणि त्यांच्यात मिरची. इथं मी दर वेळी अडखळतो. सावतोबा गेले 1295 साली. मिरचीचं झाड मुळात अमेरिकेतलं. पोर्तुगीज हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागले 1498 मध्ये आणि गोवा त्यांनी घेतला 1510 मध्ये. मिरची आली ती त्यांच्या जहाजांमागून. म्हणजे सावतोबांच्या मळ्यात मिरची असणं शक्य नाही. मग अभंगात कशी? शब्द मिऱ्यावरून आलेला, तेव्हा मूळ ओळीत दुसरंच काही तिखट असेल, असं एक म्हणता येईल. मला मात्र दुसरंच खरं वाटतं. अभंग कागदावर कमी आणि गळ्यात जास्त राहिला. दोनशे-तीनशे वर्षांत केव्हातरी वाफ्यात मिरची आली, ताटात आली, आणि गाणाऱ्याच्या तोंडीही आली. वारकऱ्याला मिरचीवाचून मळा दिसेना. ही चूक मला फार आवडते.

पण यावरून त्यांच्या जेवणाचा विचार करा. मिरची नाही म्हणजे ठेचा नाही. शेंगदाणा नाही, म्हणजे सोलापुरी शेंगाचटणी नाही. बटाटा, टोमॅटो, मका नाही. एकादशीला साबुदाणाही नाही. मग भाकरीशी काय? कारळाची चटणी, जवसाची, तिळाची. तुरीचं, हरभऱ्याचं वरण. अंबाडी, माठ, चाकवत, पाथरी, तांदुळजा. ताक. चिंच. आणि कांदा, बुक्कीनं फोडलेला. आम्ही ज्याला "अस्सल गावरान जेवण" म्हणून हायवेच्या ढाब्यावर पाचपट पैसे मोजतो, त्या ताटातलं अर्धं ज्ञानेश्वरांच्या ओळखीचं नसतं. भाकरी तेवढी ओळखीची, आणि तिच्यामागचं जातं. पहाटे, तारे असताना, घरातल्या बाईनं जात्याशी बसायचं. पुरुषांच्या कामाला हंगाम होता, नांगरटीनंतर आणि मळणीनंतर त्यांना सुट्टी होती. जात्याला सुट्टी नव्हती. जनाबाईंच्या अभंगांत विठोबा जात्याशी बसून दळू लागतो. त्या कल्पनेत भक्ती किती आणि दुखणारे खांदे किती, हे जिनं दळलंय तिलाच कळावं.

काकांची नेहमीची तक्रार असते, "मृग आता पहिल्यासारखा राह्यला न्हाई." एकदा मी त्यांना एक गंमत सांगितली. नक्षत्रं सूर्याच्या ताऱ्यांमधल्या प्रवासावर मोजतात, आणि पाऊस ऋतूंवर येतो. या दोन वर्षांत सुमारे वीस मिनिटांचा फरक आहे. साधारण 72 वर्षांत तो एका दिवसाचा होतो. 1290 साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हापासून हा फरक दहा दिवसांवर गेला. म्हणजे आज आपला मृग 7-8 जूनला लागतो, तेव्हा तो ऋतूच्या हिशेबानं मेच्या अखेरीलाच लागत असणार. काकांनी थोडा वेळ बोटं मोजली.

"म्हंजी त्यांचा हस्त आपल्या उत्तरात पडायचा."

बरोबर होतं. मला हे उत्तर काढायला एक्सेल लागलं होतं.

शिवाजी महाराजांचं एक पत्र आहे, 5 सप्टेंबर 1676 चं, प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं. त्यात लढाईचं काही नाही. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, ज्याच्याकडे माणसांचं बळ आहे पण बैल नाही त्याला बैलांना पैसे दे, पोटाला दाणे नसतील तर खंडी-दोन खंडी दे, आणि मुद्दल तेवढं सवडीनं, त्याची ताकद येईल तसं वसूल कर, वाढीदिढी घेऊ नको. असा सगळा मजकूर. कोकणातल्या कुठल्याशा वाडीतल्या बैल नसलेल्या माणसाचा विचार. मला ते पत्र एखाद्या गडाइतकं मोठं वाटतं, पण दिवाळीच्या किल्ल्यावर ते मांडता येत नाही.

पेवाचं काय करायचं यावर घरात संध्याकाळपर्यंत चर्चा झाली. पुण्याच्या चुलतभावाचं मत, जपून ठेवू, वर काच बसवू, शाळेची मुलं बघायला येतील. काकूंचं मत, बारकी पोरं अंगणात खेळतात, आधी ते बुजवा. मी फोटो काढले, उंची-रुंदी लिहून घेतली, भिंतीचा एक भाजका ढेकूळ पिशवीत घेतला. तो आता माझ्या टेबलावर आहे, वास गेलाय.

शेवटी टाकीचीच जागा बदलून ती चार फूट अलीकडं घेतली, आणि पेवात दगड-मुरूम लोटला. दुसरं पेव कुठं आहे ते कुणाला माहीत नाही. जेसीबीवाल्यानं तीन तासांचं बिल सांगितलं, चहाचा तास सोडून. फोनवर पाठवतो म्हटलं तर त्याच्या मालकाला रोख हवी होती. काकांनी बंडीच्या खिशातून पाचशेच्या नोटा काढल्या, अंगठ्याला थुंकी लावली आणि मोजायला लागले.

"लाभ, दोन, तीन..."

पोरगं म्हणालं, "काका, एक कुठं गेली?"